राजधानीत शिकायला

नागपुरात पत्ता सांगताना लोकांच्या तोंडी आधी कॉलेज येतं. मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवरून वळा, लॉ कॉलेज चौकात उतरा, मेडिकल चौकातून सरळ या. मॉरिस कॉलेजचं नाव बदलूनही जमाना झाला. आधी ते नागपूर महाविद्यालय झालं आणि पुढे वसंतराव नाईकांच्या नावाची शासकीय संस्था झाली. तरी ऑटोवाल्याला ‘मॉरिस’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही.

१८६१ साली मध्य प्रांत तयार झाला, तेव्हापासून १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हे शहर राजधानी होतं. आधी मध्य प्रांताची, मग मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची, शेवटी जुन्या मध्य प्रदेशाची. त्या राजधानीच्या खुणा म्हणून पाहुण्यांना विधानभवन दाखवतात, हायकोर्ट दाखवतात, सिव्हिल लाइन्सचे झाडांत दडलेले बंगले दाखवतात. आमच्या घरात राजधानी आली ती पाटी-दप्तराच्या वाटेनं. माझे आजोबा, माझी आत्या आणि आजोबांच्या मित्राचा मुलगा, ज्यांना आम्ही काकाजी म्हणतो, या तिघांनी मला जो इतिहास सांगितला, त्यात कुलगुरू आणि प्राचार्य थोडे आहेत. जेवणं, खोल्या आणि आडनावं फार आहेत.

आजोबांना आम्ही आबाजी म्हणायचो. त्यांचं गाव भिवापूरच्या पलीकडे, मिरचीच्या आणि धानाच्या पट्ट्यात. १९३२ साली ते हायस्कुलात शिकायला नागपूरला आले ते नागभीड लाइनच्या छोट्या गाडीनं. ती गाडी इतवारीला उतरवायची. आबाजींच्या सोबत तांदळाचं पोतं, लाखोरीची डाळ, तिखटाची पुरचुंडी आणि पितळेची एक गंजी होती. त्यांचे वडील त्यांना महालातल्या एका वाड्याच्या मागच्या खोलीत सोडून त्याच संध्याकाळी परत गेले. बैलांना चारा टाकायला घरी दुसरं कुणी नव्हतं.

“आमी तिघं एका बाकावर बसत होतो,” आबाजी सांगायचे, “पण तिघाईच्या चुली तीन.” हे वाक्य त्यांनी इतक्यांदा सांगितलं की लहानपणी मला ते गोष्टीची सुरुवात वाटायचं. मोठेपणी कळलं की सगळी गोष्ट त्यातच आहे.

पहिला मित्र ब्राह्मणाचा, वर्ध्याकडच्या खेड्यातून आलेला, घरचा अगदी गरीब. त्याला सात घरचे वार लागले होते. सोमवारी धंतोलीत एका वकिलाकडे, मंगळवारी बर्डीवर एका मास्तरांकडे, असा त्याचा आठवडा ताटांवर चालायचा. वारकऱ्या पोराला आधी वाढायचं की घरच्यांच्या मागून, तूप घालायचं की नाही, हे घराघरावर अवलंबून असे. एका घरची बाई त्याला शनिवारी दशम्या बांधून द्यायची, कारण रविवारचा वार मधूनच सुटला होता. आबाजी त्या बाईचं नाव फार आदरानं घ्यायचे. तिला त्यांनी पाहिलंही नव्हतं.

दुसरे आबाजी. कुणब्याच्या पोराला वार लागण्याचा प्रश्न नव्हता. ते हातानं भात शिजवायचे. खोली मिळायच्या आधी तीन वाड्यांत त्यांना कोण, कुठले, आडनाव काय, असं विचारून परत पाठवलं होतं. चौथ्या वाड्यातल्या मालकानंही आडनाव विचारलं, जरा थांबला, आणि विहिरीवर पाणी कुठल्या बाजूनं भरायचं ते सांगून मग किल्ली दिली.

तिसरा मित्र महाराचा. त्यानं खोली शोधलीच नाही. शोधून मिळणार नाही हे त्याला नागपुरात यायच्या आधीच ठाऊक होतं. त्याचा मामा एम्प्रेस मिलमध्ये कामाला होता. १८७७ साली जमशेदजी टाटांनी सुरू केलेल्या त्या गिरणीच्या भोंग्यावर अर्धं शहर उठायचं आणि झोपायचं. मामाच्या एका खोलीत सात माणसं. मामा रात्रपाळीला गेला की त्याची निजायची जागा रिकामी व्हायची, आणि या पोराला तिथं कंदील ठेवून वाचता यायचं. दिवसपाळीच्या आठवड्यात अभ्यास होत नसे. परीक्षा रात्रपाळीच्या आठवड्यात यावी, अशी तिघेही प्रार्थना करायचे. काकाजी हे त्याच मित्राचे चिरंजीव.

ही शहरातली शिक्षणाची वहिवाट कुणी घातली, याबद्दल आबाजींच्या पिढीत हिस्लॉपची गोष्ट हटकून सांगितली जायची. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा मिशनरी १८४५ साली नागपूर-कामठीला पोचला आणि दुसऱ्याच वर्षी त्यानं नागपुरात शाळा उघडली. तेव्हा गादीवर भोसले होते. संस्थान खालसा व्हायला अजून आठ-नऊ वर्षं होती. हा माणूस धर्मप्रसाराला आला खरा, पण त्याची नजर दगडांवर, जीवाश्मांवर आणि गोंडांच्या गीतांवर खिळली. त्यानं गोंडी परंपरेची जी टिपणं केली, ती त्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपलनं छापवून आणली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटजवळची जुनी दगडी वर्तुळं पाहून घोड्यावरून परत येताना भरलेल्या नाल्यात हिस्लॉप बुडाला. त्याच्या नावाचं कॉलेज निघालं ते वीस वर्षांनी, १८८३ साली. आमच्याकडे टाकळघाटचं नाव निघालं की आबाजी अजून त्या नाल्याबद्दल बोलायचे, जणू काल पूर आला होता. धर्मांतराच्या हेतूमुळे हिस्लॉपबद्दल लोकांच्या मनात शंका होत्या आणि त्या निराधार नव्हत्या. पण नागपूरच्या भूगर्भाकडे आणि इथल्या आदिवासींकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहणारा पहिला मास्तर तोच होता, आणि ते श्रेय त्याला द्यायलाच हवं.

१८८५ साली मॉरिस कॉलेज आलं, चीफ कमिशनर मॉरिस यांच्या नावाचं. त्यामागची गरज उघड होती. प्रांताच्या राजधानीला कारकून, नायब तहसीलदार, वकील आणि मास्तर हवे होते, आणि दर वेळी ते कलकत्त्याहून किंवा पुण्याहून आणणं परवडत नव्हतं. पदव्या मात्र परक्याच. आधी कलकत्ता विद्यापीठाच्या, मग अलाहाबादच्या. आबाजींच्या हेडमास्तरांच्या भिंतीवर अलाहाबादची पदवी टांगलेली होती. ते कधी अलाहाबादला गेले होते का, असं आबाजींनी भीत भीत विचारलं, तेव्हा हेडमास्तर म्हणाले होते की पदवी टपालानं आली.

१९०६च्या सुमारास विज्ञानाचं कॉलेज निघालं, शेतकीचं कॉलेज निघालं. भोसल्यांची महाराजबाग त्या शेतकी कॉलेजाकडे गेली आणि आजही ती कृषी विद्यापीठाच्याच ताब्यात आहे. आबाजींच्या वडिलांची इच्छा होती की पोरानं शेतकीच शिकावी. चौकशी केल्यावर त्यांना कळलं की तिथून बाहेर पडणारा मुलगा शेतीवर परत येत नाही, साहेब होतो. त्यांनी तो नाद सोडला. १९१४ साली रॉबर्टसन मेडिकल स्कूल आलं. आणि मग ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झालं. सहा कॉलेजं आणि ९२७ विद्यार्थी. पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस, नागपूरला आपलं मानलेले बंगाली वकील. त्या काळच्या नागपूरचं हे खास होतं. राजधानी म्हणून इथं बंगाली आले, तेलुगू आले, तामिळ आले, हिंदी भाषक तर होतेच, आणि प्रत्येकानं आधी देऊळ किंवा शाळा काढली. धंतोलीतलं दीनानाथ हायस्कूल बंगाल्यांचं, सरस्वती विद्यालय दक्षिणेकडच्यांचं. माझ्या पिढीतल्या नागपूरकरांना चार भाषा कानावर पडत मोठं व्हायला मिळालं, ते या शाळांमुळे.

आबाजी १९३६ साली मॉरिसमध्ये गेले. त्या काळात तिथं संस्कृत विभागात वासुदेव विष्णु मिराशी होते. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे मत त्यांनी ताम्रपट आणि शिलालेखांच्या आधारानं मांडलं. आबाजींचा संस्कृतशी संबंध रामरक्षेपुरता. पण ज्या टेकडीवर आपण दर वर्षी त्रिपुरी पौर्णिमेला जातो, तिचं नाव कालिदासाशी जोडलेलं आहे, हे कॉलेजच्या व्हरांड्यात ऐकल्यावर खेड्यातल्या पोरांची छाती कशी फुगली असेल, ते त्यांच्या म्हातारपणीच्या आवाजातही कळायचं. कायद्याच्या कॉलेजात तेव्हा एम. हिदायतुल्ला शिकवत. ते स्वतः मॉरिसचे विद्यार्थी आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश.

कॉलेजच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली एक आठवण आबाजी उभं राहून सांगायचे. त्याआधी थोडं मागं जायला हवं. १९०७-०८च्या वंगभंगाच्या काळात नागपूरच्या नील सिटी स्कूलमध्ये मुलांनी ‘वंदे मातरम्’चा घोष केला आणि काहींना शाळेबाहेर काढलं गेलं. केशव बळिराम हेडगेवार त्यांतले. त्यांना पुढे यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत जावं लागलं. त्यानंतर तीस वर्षांनी, १९३८च्या अखेरीस, निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहात मुलांनी तेच गीत म्हणण्याचा हट्ट धरला. शेकडो विद्यार्थी निघाले किंवा काढले गेले, आणि त्यांना जवळपासचं कुठलंच विद्यापीठ घेईना. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी दार उघडलं. ज्या शहरानं एकेकाळी त्याच घोषासाठी पोरांना शाळेबाहेर काढलं होतं, त्या शहरात हैदराबादची पोरं शिकायला आली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच एक. कायद्याची पदवी त्यांनी नागपूर विद्यापीठाचीच घेतली.

विद्यापीठानं प्रवेश दिला, पण पोरं राहणार कुठं? आबाजींच्या खोलीत त्या हिवाळ्यात एक तेलुगू मुलगा आला. मराठी त्याला कळायची, बोलता यायची नाही. आबाजींच्या भाताला त्यानं नावं ठेवली नाहीत, फक्त भिवापुरी तिखट पाहून त्याचे डोळे चमकले. दोघांचं पटलं ते तिखटावरून. वाड्याच्या मालकानं या नव्या पोराचं आडनाव विचारलं. त्यानं सांगितलं, पण त्या तेलुगू घराण्याच्या नावावरून मालकाला जात लागेना. आबाजी म्हणायचे, “त्या दिवशी मले कळलं, आडनाव समजलं नाई तर माणूस नुसता माणूस ऱ्हायतो.” तो मुलगा दोन वर्षं राहिला आणि बी. ए. होऊन वरंगलकडे गेला. त्याची पत्रं आमच्या घरी १९६०पर्यंत येत होती.

विद्यापीठाला पैसा कुठून आला, हेही सांगायला हवं, कारण नागपूरकर हे विसरत चालले आहेत. १९३० साली कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण वारले आणि त्यांच्या मृत्युपत्रानुसार सुमारे ३५ लाख रुपये विद्यापीठाकडे आले. उद्योगाला उपयोगी पडेल असं विज्ञान शिकवावं, ही त्यांची अट. त्या काळात ३५ लाख म्हणजे काय, याचा अंदाज येण्यासाठी आबाजींचं उदाहरण पुरे आहे: सेक्रेटरिएटमध्ये कारकून म्हणून लागले तेव्हा त्यांचा महिन्याचा पगार पन्नास रुपयांच्या आत होता. १९४२ साली अमरावती रोडवर लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभी राहिली. तेल, रंग, रसायनं यांच्या कारखान्यांत देशभर तिथली मुलं गेली. आता ते स्वतंत्र विद्यापीठ झालं आहे. राजधानीतल्या बहुतेक संस्थांना इंग्रज अधिकाऱ्यांची नावं मिळाली. या संस्थेला देणाऱ्याचं नाव मिळालं, आणि ते टिकलं.

आता आत्या. ती आबाजींची थोरली. १९५५ साली मॅट्रिक झाली तेव्हा घरात प्रश्न उभा राहिला की पोरीला पुढं पाठवायचं की नाही. आजी म्हणाली, पाठवायचं. आजीला स्वतःला लिहिता येत नव्हतं. १९३२ सालापासून नागपुरात मुलींचं वेगळं कॉलेज होतं, जे पुढे लेडी अमृतबाई डागा यांच्या नावानं एल. ए. डी. झालं. आत्यासाठी आबाजींनी जुनी लेडीज सायकल घेतली. महालातून बर्डीकडे सायकलवर जाणाऱ्या मुलीला पोट्टे काय काय म्हणायचे, ते आत्या आजही सांगत नाही. एवढंच म्हणते, “मी घंटी वाजवत जायची. थांबायची नाही.”

ती कॉलेजात गेली आणि दुसऱ्याच वर्षी राजधानी गेली. त्या वर्षीचा ऑक्टोबर-नोव्हेंबर नागपूरसाठी केवढा मोठा होता, हे मी आत्याकडून आणि काकाजींकडून वेगवेगळं ऐकलं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. त्यानंतर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, हायकोर्टाचं मुख्य ठाणं जबलपूरला गेलं आणि नागपूर मुंबई राज्यात आलं. आत्याला आठवतं ते सेक्रेटरिएटमधून निघणाऱ्या फायलींच्या पेट्या. आबाजींच्या टेबलाशेजारचे हिंदी भाषक सहकारी बायकामुलांसह भोपाळला निघाले, त्यांची मुलं आत्याच्या वर्गातून एकाएकी गळाली. सिव्हिल लाइन्समध्ये बंगल्यांवर कुलपं दिसू लागली. आबाजी वर्षभर उदास होते. “ज्या गावात राज्य बसते, त्या गावात शिकायले मी आलो होतो,” असं ते म्हणाले होते.

विद्यापीठाचाही पसारा आटत गेला. हरिसिंग गौर यांनी १९४६ सालीच सागरला आपल्या कमाईतून विद्यापीठ काढलं होतं. ते हिस्लॉपचे विद्यार्थी आणि नागपूरचे माजी कुलगुरू. पुढे १९८३ साली अमरावतीचं विद्यापीठ झालं, २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना. एकेकाळी रायपूर-जबलपूरपर्यंत पसरलेलं विद्यापीठ काही जिल्ह्यांचं उरलं. २००५ साली त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव दिलं गेलं.

पण काकाजींचं १९५६ वेगळं आहे. ते तेव्हा चौदा वर्षांचे होते. आईचं बोट सोडून ते दीक्षेच्या गर्दीत हरवले होते आणि संध्याकाळी इंदोऱ्याच्या लोकांबरोबर घरी पोचले. राजधानी गेल्याचं त्यांना कित्येक महिने माहीतच नव्हतं. “आमच्याकडे होती कधी, जायला?” असं ते म्हणतात, आणि त्यात कडवटपणा नसतो, हिशेब असतो. माझं मत काकाजींच्या बाजूचं आहे. नागपूरच्या शिक्षणाची पुढची साठ वर्षं १ नोव्हेंबरनं घडवली नाहीत, १४ ऑक्टोबरनं घडवली. राजधानी गेल्यानं कॉलेजांतल्या काही खुर्च्या रिकाम्या झाल्या. दीक्षेनंतर ज्या घरांतून कुणी कधी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्या घरांतून मुलं आणि मुली निघाल्या, आणि त्यांनी त्या खुर्च्या भरून वर नव्या मागितल्या.

याची पेरणी आधीच झाली होती. मोहप्याचे किसन फागुजी बनसोडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नागपुरात मुलींच्या शिक्षणासाठी धडपड केली, छापखाना काढला, पत्रं काढली, गिरणी कामगारांत काम केलं. आणि जाईबाई चौधरी. काकाजींची आजी हे नाव घेताना हात जोडायची. जाईबाई लहानपणी नागपूर-कामठी वाटेवर डोक्यावरून ओझी वाहायच्या. एका मिशनरी बाईनं त्यांना पाहिलं, शिकवलं आणि शाळेत शिक्षिका म्हणून लावलं. शिकवणारी बाई महार आहे हे कळल्यावर पालकांनी मुलं काढून घेतली आणि त्यांची नोकरी गेली. १९२२ साली त्यांनी स्वतःची शाळा काढली, चोखामेळ्याच्या नावाची, मुलींसाठी. विद्यापीठाच्या स्थापनेच्या आदल्या वर्षी. विद्यापीठाच्या स्थापनेचा दिवस आपण साजरा करतो. या शाळेचं साल मी काकाजींच्या घराबाहेर फार कमी लोकांच्या तोंडी ऐकलं आहे.

काकाजी १९५९ साली मॅट्रिक झाले आणि अडकले. धर्म बौद्ध लिहिला की अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नव्हत्या, कारण कायद्यानं त्या ठरावीक धर्मांपुरत्या होत्या. अर्जावर जुना धर्म लिही, असं एका कचेरीतल्या माणसानं त्यांना समजावलं. त्यांचे वडील, म्हणजे मामाच्या रिकाम्या अंथरुणावर वाचणारा तो पोरगा, तेव्हा रेल्वेत होते. इंटरच्या पुढे त्यांना जाता आलं नव्हतं. मुलानं पुढं जावं ही त्यांची एकुलती एक इच्छा. तरी ते म्हणाले, “नाई लिहायचं.” काकाजींनी शिक्षण थांबवलं आणि कामाला लागले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं आणि राज्यानं नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्रात त्यासाठी १९९० उजाडलं. १९६४ साली दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकर कॉलेज सुरू झालं, आणि काकाजी सुरुवातीच्या काही तुकड्यांतल्या एकीत बसले. जिथं आठ वर्षांपूर्वी गर्दीत हरवले होते, त्याच आवारात. ते शिक्षक झाले. त्यांची मुलगी मेडिकलला गेली. १९४७ साली सुरू झालेलं ते मोठं शासकीय मेडिकल कॉलेज, जिथं चंद्रपूर-गडचिरोलीपासून बालाघाट-छिंदवाड्यापर्यंतचे रुग्ण येतात, तिथं ती डॉक्टर झाली.

आत्याच्याच वयाच्या आणखी एका नागपूरकर बाईंबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. कुमुद पावडे. जन्म १९३८चा. महार घरातली मुलगी संस्कृत शिकते, हेच तेव्हा लोकांना सोसत नव्हतं. शाळेत गोखले गुरुजींनी त्यांना भेदभाव न करता शिकवलं, हे त्यांनी ‘अंत:स्फोट’ या पुस्तकात कृतज्ञतेनं नोंदवलं आहे. एम. ए. झाल्यावरही नोकरी लागेना. लागली ती लग्नानंतर, आडनाव सोमकुवरचं पावडे झाल्यावर, आणि त्या आडनावाला कुणब्याचा वास होता म्हणून. हे त्यांनी स्वतः, काहीही न लपवता लिहिलं. १९८१ साली ते पुस्तक आलं तेव्हा आत्यानं ते एका रात्रीत वाचलं आणि सकाळी आबाजींच्या हातात दिलं. आबाजींनी ते वाचलं, आणि आपल्याला आडनाव विचारून परत पाठवणाऱ्या तीन वाड्यांची गोष्ट त्यानंतर त्यांनी पुन्हा कधी तक्रारीच्या सुरात सांगितली नाही. चौथ्या वाड्यात आपल्याला किल्ली मिळाली होती, एवढंच ते म्हणायचे.

आज नागपुरात शिकायला येणारी पोरं वर्धा रोडकडे जातात. आय. आय. एम. आलं, एम्स आलं, ट्रिपल आय. टी. आलं. १९६० साली सुरू झालेलं विश्वेश्वरय्या कॉलेज आता व्ही. एन. आय. टी. आहे आणि त्याच्या वसतिगृहांत देशभरची मुलं आहेत. मला या सगळ्याचा आनंद आहे. पण राज्याच्या दूरच्या कोपऱ्यातून साध्या बी. ए.साठी, नर्सिंगसाठी, वकिलीसाठी, स्पर्धा परीक्षांसाठी येणारी हजारो मुलं या नव्या आवारांत नसतात. ती असतात नंदनवनात, मेडिकल चौकाच्या मागे, रविनगरच्या गल्ल्यांत, भाड्याच्या खोल्यांत. शासकीय वसतिगृहात नंबर लागला नाही, तर अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजनेतून आणि आदिवासी मुलांना स्वयंम योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे मिळतात. उशिरा मिळतात, पण मिळतात. खोली मात्र योजना देत नाही. ती माणसांनी द्यायची असते.

गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्याच गल्लीत एटापल्लीकडची एक मुलगी तिच्या वडिलांबरोबर खोली पाहायला आली होती. वडिलांच्या खांद्यावर तांदळाची पिशवी होती. घरमालकानं खोली दाखवली, भाडं सांगितलं, नळाची वेळ सांगितली, आणि मग म्हणाला, “पूर्ण नाव काय?” मुलीनं पूर्ण नाव सांगितलं. खोली कालच दुसऱ्याला बोलून झाली आहे, असं त्याला आठवलं. तीच खोली पुढे महिनाभर रिकामी होती. त्या मुलीला काकाजींनी इंदोऱ्यात ओळखीच्या घरी जागा मिळवून दिली. ती आता बी. एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

वार गेले, विहिरीची वेगळी बाजू गेली, विद्यापीठात आज कायदा आहे, समित्या आहेत, तक्रारपेट्या आहेत. खोलीच्या दारात मात्र अजून १९३२ साल उभं आहे, आणि ते हटवायला कुठलाच कुलगुरू येणार नाही. म्हणून नागपूरच्या वाचकांना हात जोडून सांगते. तुमच्या घराची माडी रिकामी असेल, मागची खोली भाड्यानं द्यायची असेल, आणि जूनमध्ये गडचिरोलीचं, गोंदियाचं, मेळघाटचं एखादं पोर दारात उभं राहिलं, तर भाडं ठरवा, पाण्याची वेळ सांगा, फाटक रात्री किती वाजता लावता ते सांगा. ओळखपत्र पाहा, कॉलेजचं नाव विचारा, आईवडिलांचा फोन नंबर लिहून घ्या. नाव फक्त पहिलं विचारा.